आईबाबांचा ऑस्ट्रेलियाचा व्हिजिटर व्हिसा : माझा अनुभव

इथे मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या मैत्रिणी सारखं विचारतात की आईबाबांना कसं बोलावलंस, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आम्ही सबक्लास 600 चा (व्हिजिटर व्हिसाचा क्रमांक), टूरिस्ट स्ट्रीममधला म्हणजे फिरायला-भेटायला येणाऱ्यांचा अर्ज केला. इम्मीअकाउंट या सरकारी व्हिसा वेबसाइटवर सगळं ऑनलाइन असतं, दोघांचे दोन वेगळे अर्ज, आणि तो फॉर्म मी इथे बसून भरला तरी चालला, फक्त निकाल लागेपर्यंत आईबाबा ऑस्ट्रेलियाच्या बाहेरच असायला हवेत.

सगळ्यांचा पहिला प्रश्न, बँकेत किती दाखवायचे? पैसे लागतातच, पण माझं मत विचाराल तर खरी परीक्षा तिथे नाहीये, हे दोघं परत जाणार का हे व्हिसा देणाऱ्या ऑफिसरला कागदावरून पटायला हवं आणि तो बिचारा आपल्या माणसांना कधी भेटलेला नसतो. म्हणून आम्ही बाबांची पेन्शन, दोघांचे पासबुक, इन्कम टॅक्स रिटर्न, सातारा जिल्ह्यातल्या शेताचा सातबारा, दादा-वहिनी त्याच घरात राहतात त्याचा पुरावा, असं सगळं लावलं. सातबारा मराठीत, त्यामुळे इंग्रजी भाषांतर करून घेतलं, भारतात केलं तरी चालतं पण भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि शिक्षण-अनुभव त्यावर लिहिलेला पाहिजे, हे आधीच सांगून ठेवा. आमंत्रणाच्या पत्रात मी उगाच गोड गोड काही लिहिलं नाही, नातीचा पहिला वाढदिवस आहे, राहणार माझ्याकडे, खर्च कोण करणार, आणि जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला बाबांना घरी असणं भाग आहे, बस. ते पेरणीचं वाक्य बाबांनीच सांगितलं होतं आणि मला अजूनही वाटतं की अख्ख्या फाइलमधलं सगळ्यात दमदार वाक्य तेच होतं.

बाबा 75 च्या पुढचे, म्हणून मेडिकल लागलं. ते आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चालत नाही, ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा खात्याने नेमलेल्याच डॉक्टरांकडे जावं लागतं, सोबत पासपोर्ट आणि हॅप आयडीचं (मेडिकलसाठी मिळणाऱ्या नंबरचं) पत्र, रिपोर्ट डॉक्टरच परस्पर ऑनलाइन पाठवतात.

व्हिसा आला तो ईमेलवर, पासपोर्टवर स्टिकर वगैरे काही नाही. बाबांना ते पटेचना, म्हणून प्रिंट काढून दिली. ते पत्र शेवटपर्यंत वाचा हं! एका एन्ट्रीत किती राहता येईल ते बघा, आणि 8503 ही अट लागलीय का ते बघा, ती असेल तर इथे आल्यावर मुक्काम वाढवायला दुसरा व्हिसा सहसा मागता येत नाही. 8101 म्हणजे काम करायचं नाही. इन्शुरन्स नक्की काढा, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना मेडिकेअर, म्हणजे इथली सरकारी आरोग्य योजना, मिळत नाही आणि इथलं हॉस्पिटलचं बिल खूप जड जातं, बीपी-शुगर आधीपासून असेल तर ते लपवू नका, पॉलिसीत लिहून घ्या.

आता खाऊ. आईला कंदी पेढे आणायचेच होते, मी नाही म्हटलं तर फोनवर रुसली, पण दुधाचे पदार्थ, कढीपत्ता, बिया, ताजी फळं हे सगळं घरीच ठेवायला लावलं. 2019 पासून असं काही लपवलेलं एअरपोर्टवर सापडलं तर दंड तर होतोच, शिवाय व्हिजिटर व्हिसा रद्द करून परतही पाठवू शकतात. विमानात उतरण्याआधी भरायला जे कार्ड देतात त्यावर खाण्याच्या प्रश्नापुढे बिनधास्त 'येस' करायचं, मी आईला घरीच कार्डाचा फोटो दाखवून शिकवलं होतं. गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी एका वेगळ्या पिशवीत, वर इंग्रजीत नावं लिहून. एअरपोर्टवरच्या ऑफिसरने पिशवी उघडली, नावं वाचली, दोन प्रश्न विचारले आणि परत दिली. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, जास्तीत जास्त 3 महिन्यांच्या, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्या पण कार्डावर दाखवायच्या.

आणि आईबाबांना इंग्रजी बोलायची भीती वाटत असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या, सिंगापूरला विमान बदलताना व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यांना थेट पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो.