नेरूळहून घारापुरी, शिडाच्या होडीतून: पौष शुद्ध दशमीचा एक दिवस

सारसोळे कोळीवाड्याच्या धक्क्यावर आम्ही पहाटे सहाला पोचलो तेव्हा पाणी अजून चढत होतं. हे लिहायला घेतलं ते मुख्यतः याच एका गोष्टीसाठी. ठाणे खाडीच्या या काठावरून छोटी होडी काढायची तर वाऱ्याआधी तिथी बघावी लागते. चांगला वारा आहे आणि रविवारची सुट्टी आहे म्हणून आलात, तर बहुधा समोर अर्धा किलोमीटर चिखल दिसेल आणि होडी परत घरी न्यावी लागेल. पहिल्या वर्षी आमच्या बाबतीत हे तीनदा झालं.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. यातून निघणारी गोष्ट मला उशिरा समजली. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री येते, म्हणजे उधाणाच्या दिवशी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी तळाला गेलेलं असतं. दिवसभराच्या सफरीला याहून वाईट वेळ नाही. सकाळी निघता येत नाही आणि संध्याकाळी धक्क्याला लागता येत नाही. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत, नवमी-दशमीला, नेमकं उलटं. सकाळी सातच्या सुमारास भरती, दुपारी दीडच्या आसपास ओहोटी आणि संध्याकाळी पुन्हा चढतं पाणी. सकाळची ओहोटी तुम्हाला दक्षिणेला घारापुरीकडे नेते, दुपारची भरती परत आणते. भांगाचं पाणी कमी चढतं हे खरं. उधाणाला साडेचार मीटरच्या आसपास, तर भांगाला सव्वातीन. पण प्रवाहही तेवढाच मवाळ असतो. आमच्या होडीला, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरणारी उभी फळी) वर ओढला की, वीतभर पाणी पुरतं.

पाऊणपटीचा हिशेब अंदाजापुरता ठेवा. निघण्याआधी डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. खाडीत आत पाणी बंदरापेक्षा जरा उशिरा चढतं, तेही धरा.

आता होडीबद्दल. तिचं नाव ‘टिटवी’. जातीने एंटरप्राइझ. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली ही होडी काढली, सामान्य माणसाला प्लायवूडमध्ये घरी बांधता यावी म्हणून. त्या वर्षी जानेवारीत अशा दोन होड्यांनी रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून दाखवली होती. लांबी ४.०४ मीटर, वजन नव्वद-पंचाण्णव किलो, शिडं निळी. निळं शीड ही या जातीची खूण. आपल्याकडेही ती बरीच वर्षं चालली. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा एंटरप्राइझचीही शर्यत होती आणि पाकिस्तानच्या बैराम आणि गोश्पी आवारी यांनी तिचं सुवर्णपदक मिळवलं. आज शर्यतीतली मंडळी दुसऱ्या होड्यांकडे वळली आहेत, त्यामुळे जुन्या एंटरप्राइझ कुठे कुठे छपराखाली उलट्या पडलेल्या सापडतात. ‘टिटवी’ तशीच सापडली.

जुनी लाकडी होडी घेताना रंगावर जाऊ नका. स्क्रूड्रायव्हरचं टोक घेऊन तीन ठिकाणी टोचून बघा: डोलकाठी बसते तो पाया, सेंटरबोर्डच्या पेटीचा तळ, आणि सुकाणू लागतं ती मागची फळी. टोक लोण्यासारखं आत गेलं तर प्लाय कुजलं आहे. आमच्या होडीची मागची फळी पूर्ण बदलावी लागली, मरीन प्लाय आणि इपॉक्सीने. एक पावसाळा त्यातच गेला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पत्र्याखाली, रोज संध्याकाळी तासभर. इपॉक्सी पावसाळी हवेत नीट बसत नाही, हे तेव्हाच शिकलो. घाई नसेल तर हे काम ऑक्टोबरनंतर काढा.

ट्रेलर तळोज्याच्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला. रस्त्याचा ट्रेलर वेगळा आणि त्यावर चढणारी हलकी ट्रॉली वेगळी, अशी जोडी करा. पाण्यात फक्त ट्रॉली जाते, ट्रेलर रस्त्यावरच राहतो. खारं पाणी बेअरिंगमध्ये एकदा शिरलं की पुढच्या सफरीत चाक जाम. ट्रेलरची आरटीओत स्वतंत्र नोंदणी होते, ती करून घ्या. नाहीतर पाम बीच रोडवर अडवल्यावर भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघं होतो, मी आणि भाची सई. धक्क्यावर आमचे नेहमीचे नाखवा जाळी आवरत बसले होते. पाण्याकडे बघून म्हणाले, “पानी सुटायचा टाइम झालाय, निंगा आता.” हा धक्का कोळीवाड्याचा आहे, आपल्या हौशीचा नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर आदल्या आठवड्यात जाऊन भेटा, होडी कुठे लावू, कुणाची वाट अडणार नाही ना, हे विचारा. आम्ही विचारलं, म्हणून नाखव्यांनी तिवरांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून बाहेर पडायची वाट स्वतः पुढे होडी घालून दाखवली. ती वाट नकाशात सापडत नाही.

सव्वासातला निघालो. पहिला टप्पा वल्ह्यांवर. दोन्ही बाजूंना तिवरं, वारा शून्य, आणि चिखलावर उतरण्याआधी घिरट्या घालणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. उधाणाच्या भरतीला चिखल बुडतो तेव्हा हे पक्षी नेरूळच्या पाणथळींवर, डीपीएस तलाव आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला, येऊन उभे राहतात. भांगाला मात्र खाडीतच रेंगाळतात. त्यांच्या थव्यात होडी घालू नका. दोनशे मीटरवरून जा, तेवढं अंतर ठेवलं तर ते मान वर करून बघतात आणि पुन्हा खायला लागतात. वाशी पुलाच्या उत्तरेला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. तिकडे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. आपली वाट दक्षिणेची.

मोकळ्या पाण्यात आलो आणि मतलई वारा मिळाला. हिवाळ्यात जमिनीवरून येणारा हा वारा सकाळी ईशान्येकडून पाठीशी येतो, थंड आणि हलका. निळी शिडं दोन बाजूंना पंखांसारखी उघडली, सईने सुकाणू घेतलं. खालून ओहोटी, मागून वारा, आणि आवाज फक्त पाणी फळीला लागल्याचा. मी तिसेक वर्षं या खाडीच्या पुलांवरून लोकलने कामाला गेलो. खिडकीतून दिसणारं करडं पाणी माझ्यासाठी तेव्हा फक्त दोन स्टेशनांमधलं अंतर होतं.

या टप्प्यावर दोन गोष्टी सांभाळा. पूर्वेचा किनारा, नेरूळ ते करावे, फार उथळ आहे. किनाऱ्याला चिकटून जाण्याचा मोह टाळा. आमचा सेंटरबोर्ड करावेसमोर एकदा चिखलाला लागलाच. होडी हळूच थांबते, काही आवाज होत नाही, आणि मागे बघितलं की गढूळ ढग दिसतो. बोर्ड लगेच वर घ्या आणि पश्चिमेला वळा. पण पश्चिमेलाही फार नको, कारण तिकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ फिरकू नका, जवाहर द्वीप आणि पीर पाऊच्या तेलाच्या धक्क्यांकडेही नाही. मधल्या पट्ट्यात जाळ्यांचे खुंटे असतात. भरतीत त्यांची टोकं पाण्याखाली जातात. पुढे बसलेल्याने गप्पा न मारता तेवढंच बघायचं.

दहाच्या सुमारास अटल सेतूपाशी पोचलो, आणि त्या दिवसातली चूक इथेच झाली. मतलई वारा साडेनऊ-दहाला मरतो, खारा वारा अकरा-साडेअकराला उभा राहतो. मधल्या वेळात काहीच नसतं. हे मला माहीत होतं, तरी मी वल्ही बांधून ठेवली होती. पुलाच्या शंभरेक मीटर आधी शिडं लोंबकळली आणि ओहोटीने होडी थेट एका खांबाकडे ओढायला सुरुवात केली. खांबांभोवती पाणी भोवऱ्यासारखं वळतं, भांगाच्या दिवशीसुद्धा. सई म्हणाली, “मामा, आपण सरळ त्याच्यावरच चाललोय.” दोराची गाठ सोडायला लागलेली वीस सेकंदं मला अजून आठवतात. वल्ही लागली, दोघांनी जोर लावला, खांब तीन-चार हातांवरून गेला. पुलाखालून जाताना वल्ही हातात हवीत, वारा असो वा नसो. दोन खांबांच्या बरोबर मधून जा आणि पुलाखाली शिडाची बाजू बदलू नका.

पुलापलीकडे अर्धा तास नुसतं वाहत गेलो. वर गाड्यांचा एकसारखा घुमणारा आवाज, आणि समोर घारापुरीच्या दोन टेकड्या हळूहळू मोठ्या होत होत्या.

बेटावर उतरायचं की नाही, याचा विचार घरीच करून निघा. अकराच्या सुमारास पोचता, तेव्हा ओहोटी चालू असते आणि बेटाभोवती सगळीकडे चिखल उघडा पडायला लागलेला असतो. मोराबंदरच्या बाजूला होडी टेकवणं सोपं आहे, पण पाण्याचा नियम असा की होडी ज्या पाण्यावर टेकली त्याच पाण्यावर उठते. ओहोटीच्या तळाच्या अडीच तास आधी टेकलात तर तळानंतर साधारण अडीच तासांनीच सुटाल. म्हणजे चार वाजतील. जानेवारीत सव्वासहाला सूर्य मावळतो. दिव्यांशिवाय छोटी होडी अंधारात या खाडीत असणं मला मान्य नाही. म्हणून आम्ही उतरलो नाही. लाँचच्या वाटेपासून दूर, दीड-दोन मीटर पाण्यात नांगर टाकला, डबे उघडले. भाकरी, ठेचा, सुकटाची चटणी आणि संत्री. लेणी बघायची असतील तर गेटवेहून लाँचने या आणि पूर्ण दिवस द्या. सोमवारी लेणी बंद असतात. सहाव्या शतकातलं ते काम घाईने बघायचं नाही.

नांगराचा दोर मात्र भरपूर घ्या. खोलीच्या पाचपट तरी सोडा, नाहीतर मऊ चिखलात नांगर नुसता घसरत राहतो.

बाराच्या आधी वायव्येकडून पाण्यावर काळसर रेघ दिसली आणि खारा वारा आला. तरी आम्ही घाई केली नाही. ओहोटी चालू असताना परत निघालं तर वारा पुढे ढकलतो, पाणी मागे. दोनला, पाणी वळल्यावर, नांगर उचलला. परतीची दिशा ईशान्य, वारा वायव्येचा, म्हणजे डाव्या बाजूने. या होडीला याहून चांगला वारा नाही. दोघंही कडेवर बसून बाहेर झुकलो, अंगावर खारं पाणी, आणि सकाळी ज्या अंतराला जवळजवळ चार तास लागले ते सव्वादोन तासांत मागे पडलं. पुलाखालून या वेळी वल्ही मांडीवर घेऊन गेलो.

एप्रिल-मेमध्ये हाच खारा वारा दुपारी फार जोर धरतो. तेव्हा नवशिक्यांनी ही सफर करू नये. आम्ही हिवाळ्यातही शर्यतीची मोठी शिडं न लावता लहान शिडं लावतो. एंटरप्राइझ उलटली की काठोकाठ भरते, आणि हवेच्या पिशव्या धड नसतील तर ती उपसणं दोघांच्या आवाक्याबाहेर जातं. पिशव्या दर सफरीआधी फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलेली पिशवी बदला. दोन बादल्या बांधून ठेवा. उथळ पाण्यात उलटली तर डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि होडी सुलटी होत नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही टोकाला जाळ्याचा एक मोठा फ्लोट बांधला आहे. दिसायला बरा नाही, पण सरावाच्या दिवशी दोनदा उपयोगी पडला. सराव करायचाच, शांत दिवशी, मुद्दाम उलटवून. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं. फोन दुहेरी पाकिटात, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक. निघताना आणि परतल्यावर एका माणसाला वेळ कळवायची. आमच्याकडे हे काम सईची आई करते आणि ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला की फोन करते.

साडेचारच्या आधीच तिवरांच्या तोंडाशी पोचलो. आत वळण्याइतकं पाणी अजून नव्हतं, म्हणून बाहेरच नांगरावर पाऊण तास थांबलो. एवढा वेळ हाताशी धरूनच परतीचा हिशेब करा, हाही दिवसाचाच भाग आहे. चिखलावर रोहितांची लांबच लांब रांग होती आणि पाणी जसं चढत होतं तशी ती पाऊल पाऊल आमच्याकडे सरकत होती. सई शिडाच्या घडीवर डोकं ठेवून झोपून गेली.

सव्वापाचला धक्का. नाखव्यांनी दोर झेलला, “क्या झाला, वारा पडला ना पुलाखाली?” एवढंच विचारलं. त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. ट्रॉली पाण्यात, होडी वर, चाकं गोड्या पाण्याने धुतली. घरी आल्यावर डोलकाठीच्या तारा, कप्प्या आणि सुकाणूच्या बिजागऱ्या पुन्हा धुतल्या, तळाचं बूच काढलं, झाकणं उघडी ठेवली. लाकडी होडी खाऱ्या पाण्याने तेवढी कुजत नाही, जेवढी आत कोंडलेल्या गोड्या पाण्याने कुजते. म्हणून धुवून झाल्यावर एक स्पंज घेऊन कोपरे कोरडे करा, अगदी बोट फिरवून, आणि रात्रभर होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर करून ठेवा.