रत्नागिरी ते मालवण सायकलवर, गॉगलशिवाय: काय टिकलं आणि काय फुकट गेलं

नुसत्या टोपीवर कोकणचा किनारा निभत नाही, आणि हे एकाही रीलमध्ये कुणी सांगत नाही म्हणून लिहायला बसलेय. मार्चमध्ये मी आणि माझी मैत्रीण रत्नागिरी ते मालवण किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवर गेलो. मला जाड नंबरचा चष्मा आहे, वर साधा गॉगल चढत नाही आणि चष्मा काढून गॉगल लावला तर समोरचा खड्डा दिसत नाही. मैत्रिणीला मायग्रेनचा त्रास, गॉगलच्या काड्या कानामागे दाबल्या की तासाभरात डोकं धरतं. म्हणजे आम्हाला गॉगलला पर्याय खरंच हवा होता, आणि तो दिसायलाही बरा हवा होता, कारण फोटो काढायचे होतेच, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

निघायच्या आधी या विषयावर मिळेल ते सगळं बघितलं. सगळीकडे तेच. मोठ्या काठाची स्ट्रॉ हॅट, रंगीत स्कार्फ, व्हायझर, नाजूक छत्री. सुंदर दिसतात, पण ते सगळं रिसॉर्टच्या हिरवळीवर शूट केलेलं असतं. तिथे ऊन वरून येतं आणि काठ ते अडवतो. समुद्रावर ऊन खालून पण येतं, बाजूने पण येतं, आणि तिथे काठ काय करणार?

चढ चढता येतात, पंक्चर काढता येतं, पाणी किती न्यायचं कळतं हे धरून चालते, त्यावर लिहीत नाही.

रत्नागिरी ते पावस: सकाळी लवकर भाट्याचा पूल ओलांडा, सूर्य डावीकडे झाडीच्या मागे असतो, डोळ्यांना काही लागत नाही. पुढे पूर्णगडपर्यंतही तसंच. छान आहे. पुढे चला.

आता गावखडी. पूर्णगडच्या पायथ्याशी मुचकुंदीची खाडी आहे, पूल ओलांडला की गावखडी, लांब किनारा आणि त्याच्या कडेने सुरूचं बन. आम्हाला वाटेत एका माहितगार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं की ओहोटीला वाळू कडक असते, रस्ता कशाला, सायकली सरळ किनाऱ्याने न्या, मजा येईल. वाळू कडक होती हे खरं. पण वेळ साडेचारची, तोंड दक्षिणेला, समुद्र उजवीकडे, सूर्य समुद्रावर उतरायला लागलेला आणि ओली वाळू आरशासारखी. वरून ऊन, उजवीकडून ऊन, आणि खालून चाकाखालच्या प्रत्येक पाण्याच्या थरातून परत ऊन. माझी हॅट डोक्यावर नुसती बसून होती. मान उजवीकडे कलती करून काठाने सूर्य झाकला तर खालची चमक तशीच, मान खाली घातली तर सगळी चमकच समोर, शेवटी एक डोळा मिटून सायकल ढकलत नेली आणि तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. मैत्रीण मागून ओरडत होती की वर सुरूच्या बनात चल, पण मध्ये कोरडी भुसभुशीत वाळू, त्यात लोडेड सायकल रुतते. तो तुकडा मी आयुष्यात परत त्या वेळेला करणार नाही. संध्याकाळी डोळे लाल, आत वाळू गेल्यासारखं खुपत होतं, दिव्याकडे बघवेना.

यामागचं कारण समजून घ्या म्हणजे खरेदी चुकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीत यूव्ही, म्हणजे उन्हातले न दिसणारे अतिनील किरण, किती परत फेकलं जातं त्याचे आकडे आहेत: कोरडी वाळू साधारण १५ टक्के, समुद्राचा फेस २५ टक्के, गवत, माती आणि नुसतं पाणी १० टक्क्यांच्या आत. म्हणजे लाटेच्या कडेने चालणं सगळ्यात वाईट, तिथे फेस पण आहे आणि वाळू पण. आणि डोळ्यांना जी चमक खुपते ती वेगळी, ती ओल्या सपाट पृष्ठभागावरून येते आणि सूर्य खाली उतरला की जास्त लागते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्यास्ताची जी वेळ सगळे फोटोला निवडतात तीच बिनगॉगलवाल्याला सगळ्यात त्रासाची.

आता त्या हॅटबद्दल. रत्नागिरीजवळच्या एका गर्दीच्या बीचवर स्टॉलवाल्याने मला ती सातशेला दिली, "मॅडम, ओरिजिनल गवताची आहे, इम्पोर्टेड". गवत बिवत काही नाही, पिळलेल्या कागदाची निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या दवाने आणि घामाने काठ लोंबायला लागला. विणीतून ऊन गळत होतं, गालावर ठिपके दिसत होते. तीच हॅट, तोच रिबिनीचा रंग, मालवणच्या बाजारात अडीचशेला टांगलेली बघितली तेव्हा जो संताप झाला तो अजून गेलेला नाही. बीचवर टोपी घेऊ नका. घ्यायचीच वेळ आली तर उजेडाकडे धरून बघा, भोकं दिसली तर परत ठेवा, आणि काठ बोटांनी दाबून बघा, कागद लगेच कळतो. काठ निदान साडेसात सेंटीमीटर हवा आणि हनुवटीखाली बांधायला दोरी हवीच, दुपारी खारे वारे सुटले की बिनदोरीची टोपी तुमची राहत नाही.

पण त्या हॅटचं मी एक केलं आणि त्याने खरंच फरक पडला. काठाची खालची बाजू क्रीम रंगाची होती, खालून आलेला उजेड तिथे आपटून डोळ्यात परत येत होता. कशेळीला ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंकडून काळ्या अस्तराचा तुकडा आणि सुई-दोरा घेतला आणि काठाच्या खालून टाचून टाकला. चेहऱ्यावरचा उजेड लगेच कमी झाला, आणि फोटोत पण काळी किनार मस्त दिसते. टोपी विकत घेताना खालची बाजू गडद असलेलीच घ्या. हा एवढा सल्ला पाळला तरी पुष्कळ झालं.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, हत्तीचं कातळशिल्प आहे, जमिनीच्या खडकात कोरलेलं, सुमारे १८ मीटर लांब. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून बघायला येणारे वाढलेत, आणि बहुतेक लोक जेवणाच्या आधी "उरकून टाकू" म्हणून बाराला जातात. जाऊ नका. सड्यावर एक झाड नाही, सगळं कातळ, आणि सूर्य डोक्यावर असताना कोरलेल्या रेषांची सावलीच पडत नाही, त्या उथळ असल्याने समोर हत्ती असून दिसत नाही. सकाळी तिरप्या उन्हात रेषा उठून येतात आणि डोळ्यांनाही सुसह्य. काकू म्हणाल्या, "दहाच्या आत जाऊन ये गो बाय, आणि ही छत्री ने." साधी काळी, लांब दांड्याची छत्री. सबंध प्रवासात एवढी उपयोगी दुसरी वस्तू झाली नाही. सड्यावर ऊन वरूनच येतं, कातळ ते फारसं परत फेकत नाही, त्यामुळे छत्रीच्या खाली खरी सावली मिळते, डोळे आपोआप उघडतात, कपाळाच्या आठ्या जातात. लेसच्या पांढऱ्या नाजूक छत्र्या विकत मिळतात त्यातून ऊन आरपार येतं, त्यांचा विचार सोडा. काळी घट्ट कापडाची घ्या. साडीवर, कुर्त्यावर, ट्रेकपँटवर, कशावरही काळी लांब छत्री रुबाबदारच दिसते हे माझं ठाम मत आहे. फक्त समुद्राच्या काठावर दुपारनंतर उघडू नका, वारा ती उलटी करतो.

कशेळीलाच कनकादित्याचं देऊळ आहे, सूर्याचं. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. आत गारवा, थोडा अंधार, गावखडीनंतर तिथे बसून डोळ्यांना जे सुख मिळालं त्यासाठी मी मनापासून हात जोडले.

सायकलवर मात्र छत्री नाही आणि हॅटही नाही, हेल्मेटखाली बसत नाही. मैत्रिणीकडे पुढे मॅग्नेटने चिकटणारी काच असलेलं हेल्मेट होतं. काड्या नाहीत म्हणून कानामागे दाब नाही, बाजूनेही बऱ्यापैकी झाकतं, नंबरच्या चष्म्यावरूनही बसतं, आणि दिसायला तर गॉगलपेक्षा भारी. महाग आहे, खाऱ्या हवेने तासातासाला धुरकट होतं, मऊ कापड लागतं, चढावर आत गरम होतं. तरी रस्त्यासाठी याच्यापुढे काही नाही. ते परवडत नसेल तर हेल्मेटखाली सायकलिंगची कापडी कॅप, छोट्या चोचीची, शंभर-दोनशे रुपयांत होते आणि सकाळच्या वेळेला पुरते.

मला शेवटी ज्याने तारलं ते क्लिप-ऑन, म्हणजे नुसत्या गॉगलच्या काचा, बिनकाड्यांच्या. चष्म्यावर अडकवायचं आणि सावलीत वर उघडायचं. वाटेतल्या तालुक्याच्या गावी चष्म्याच्या दुकानात साडेतीनशेला मिळालं, पोलराइज्ड, म्हणजे पाण्यावरची चमक गाळणारं. पोलराइज्ड खरं आहे का ते तिथेच बघा: दोन क्लिप घेऊन एक आडवी एक उभी एकमेकींवर धरा, मधला भाग काळा झाला तर खरं. आडव्या पाण्यावरून येणारी चमक हेच कापतं, दुसऱ्या कशाने ती जात नाही. यूव्हीचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळं विचारा. "यूव्ही ४००" म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, पण बीचवर जे मिळतं त्यावर नुसता स्टिकर असतो, आणि गडद काच असून यूव्ही अडत नसेल तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आत जास्त जाऊ शकतं, म्हणजे काहीच न लावण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. बऱ्याच चष्म्याच्या दुकानात तपासायचं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. आणि रंग गडद असला म्हणजे यूव्ही अडतं असं नाही, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची पांढरी स्वच्छ काचसुद्धा अडवते.

उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचं दुकानदार फार कौतुक करतात. त्या यूव्हीवर काळ्या होतात, गाडीची पुढची काच यूव्ही बरंचसं आधीच अडवते म्हणून गाडीत त्या पांढऱ्याच राहतात, आणि उकाड्यात पूर्ण गडद होत नाहीत. कोकणातल्या मार्चसाठी त्यावर पैसे घालू नका, थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्यांनी घ्याव्यात.

काजळ लावलं की ऊन लागत नाही असं दोन बायकांनी मला छातीठोक सांगितलं होतं. घामाबरोबर वितळून डोळ्यात जातं, झोंबतं. नको. सुती स्कार्फ मात्र घ्या, गडद रंगाचा, टोपीवरून बांधून कानाशी खाली सोडला की बाजूचं ऊन अडतं आणि टोपीही उडत नाही, एका कापडात दोन कामं.

कशेळीच्या पुढे आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, सगळं झकास झालं, रस्ते चढउताराचे पण झाडी आहे, लिहिण्यासारखी अडचण आली नाही. मालवणहून सिंधुदुर्गला होडीने जाताना परत तोच खालून येणारा उजेड, होडीत टोप्या धरून बसलेले लोक डोळे बारीक करून बसले होते, मी क्लिप लावून तट नीट बघितला. क्लिप नसेल तर होडीत सूर्याकडे पाठ करून बसा आणि सकाळची फेरी पकडा.

डोळ्यात असं खुपायला लागलं तर चोळू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, अंधारात पडा, लेन्स लावत असाल तर काढा. माझं एका रात्रीत उतरलं. दुसऱ्या दिवशीही उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, पुढचा टप्पा गेला तरी चालेल. आणि गावखडीला दुपारी पोचलात तर सुरूच्या बनात आडवे व्हा, सूर्य बुडू द्या, मग पुढे निघा, आणि कुणी काहीही सांगितलं तरी सायकल रस्त्यानेच न्या.