शोधणावळ : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमच्या बिलावरची पहिली ओळ वाचून नवीन गिऱ्हाईक हमखास थबकतं. प्लग, ऑइल, क्लच केबल हे त्याला कळतं. पण सगळ्यात वर लिहिलेलं असतं, ‘शोधणावळ : ४०० रुपये’. हा शब्द कोशात सापडायचा नाही. तो आमच्या स्वयंपाकघरात जन्मला.

मी मूळचा गॅरेजवाला नव्हे. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो, आठ तास हातात मायक्रोमीटर. १९९७ साली काम घटलं आणि आम्हा बऱ्याच जणांना हिशेब करून घरी पाठवलं. घरी जुनी बुलेट होती, तिच्यामागं सगळे शनिवार घातले होते, तेवढीच काय ती माझी पात्रता. पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. जोडीला भद्रकालीतले एक उस्ताद आले, साठी ओलांडलेले.

उस्ताद कानानं काम करायचे. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच खुर्चीतून सांगायचे, ‘प्रायमरी चेन ढिली आहे.’ मी मोजमापवाला. जुन्या बुलेटच्या पॉइंटमधलं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधलं) अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं, म्हणून मी फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) काढला की ते हसायचे, आणि खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून पॉइंटमध्ये सरकवायचे. एकदा चिडून मी तो पुठ्ठाच मायक्रोमीटरमध्ये धरला. ०.३६ निघाला. तेव्हापासून ते मला ‘छत्तीस’ म्हणूनच हाक मारायचे. आमचा छत्तीसचा आकडा मात्र कधी झाला नाही. टॅपेट जुळवणं, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या पुशरॉडच्या दांड्यांची ढील बसवणं, मी त्यांच्याकडूनच शिकलो. इंजिन गार असताना पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. त्याला गेज लागत नाही, बोटं लागतात.

काम भरपूर होतं, पैसा नव्हता. आमच्या धंद्याचं गणितच उलटं आहे. ज्यानं कॉइल, प्लग आणि कंडेन्सर तिन्ही बदललं त्याचं बिल झालं. ज्यानं एक सुटलेली तार ओळखून घट्ट केली त्याला चहा. मला पार्ट बदलायच्या आधी मोजायची खोड, त्यामुळे आमच्याकडे चहाच जास्त व्हायचा. २००४ च्या पावसाळ्यापर्यंत शेडचं भाडं पाच महिने थकलं होतं.

त्याच पावसाळ्यानंतर इंदिरानगरचे एक गृहस्थ एन्फिल्डची थंडरबर्ड मोटरसायकल घेऊन आले. गाडी दीड वर्षांची, आरशासारखी चकचकीत. शहरात तक्रार शून्य. मुंबईला निघाले की वाडीवऱ्हे ओलांडल्यावर, घोटीच्या अलीकडे, गाडी गुदमरून बंद. पंधरा-वीस मिनिटं झाडाखाली उभी केली की एका बटणात चालू, पुढे कसाऱ्याच्या घाटात पुन्हा बंद. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. लक्षणं ऐकली तर कुणीही म्हणेल की कॉइल तापतेय. तापलेली कॉइल ठिणगी देईनाशी होते, गार झाली की परत चालते. त्यांनी कॉइल बदललेली होती. प्लग दोनदा. कुणीतरी कार्बोरेटरही उघडून साफ केला होता.

शेडमध्ये तासभर चालवली, बंद पडेना. मग पुढच्या शनिवारी टाकी फुल करून ते पुढे आणि मी माझ्या बुलेटवर मागे, असे निघालो. घोटी यायच्या आधीच गाडी आचके देत थांबली. मी पळत जाऊन आधी प्लग काढून बॉडीला टेकवला आणि बटण दाबलं. ठिणगी निळी, कडकडीत. म्हणजे कॉइल निर्दोष सुटली. मग कार्बोरेटरचा पाइप काढला. चार थेंब पडले आणि थांबले. टाकी तर भरलेली! त्यांना म्हटलं, ‘साहेब, टाकीचं झाकण उघडा.’ चावी फिरवली तसा ‘सुस्स’ करून टाकीनं श्वास आत घेतला, आणि माझ्या हातातल्या पाइपातून पेट्रोलची धार बुटावर पडली.

पेट्रोल खाली उतरतं तितकी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल लोंबकळत राहतं. गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा झिरपते, म्हणून वीस मिनिटांनी चालू. टाकी फुल असेल तर वर हवेला जागाच कमी, मग पोकळी लवकर होते. शहरात हे कधी अर्धी टाकीसुद्धा भरायचे नाहीत. मुंबईला निघताना मात्र न चुकता फुल. म्हणून रोग फक्त मुंबई रस्त्यावर. आणि भोक बुजलं कशानं? दर रविवारी ते मेणाचं पॉलिश लावून टाकी आणि झाकण चोळायचे. गाडीवर माया करून करून तिचा गळा दाबला होता.

सुईनं मेण काढलं. इगतपुरीपर्यंत जाऊन आलो, कुठे खोकली नाही. शेडवर परतल्यावर त्यांनी विचारलं, ‘काय बदललं?’

‘काही नाही.’

‘मग पैसे कसले?’

त्यांचंही चूक नव्हतं. पेट्रोलपुरते पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवून ते गेले.

रात्री जेवताना मी हे सांगितलं. आमची सौ. त्याच आठवड्यात सराफ बाजारातून कानातले मोडून नवे करून आली होती. ती म्हणाली, ‘सोनं माझंच होतं, तरी सोनारानं घडणावळ घेतलीच ना? मी काही म्हटलं का त्याला, सोनं तर माझंच आहे, मग पैसे कसले? तुम्ही शोधणावळ लावा.’ दुसऱ्या दिवशी तिनंच पाटीवर खडूनं लिहिलं. सुरुवातीला शंभर रुपये. नियम दोन. आधी सांगायची, आणि दोष सापडला तरच घ्यायची. ऐकून निम्मी गिऱ्हाईकं निघून गेली, उरलेल्यांवर भाडं फिटलं. इंदिरानगरचे साहेब आठ महिन्यांनी परत आले, सोबत तीन मित्रांच्या गाड्या, आणि मागची शोधणावळ न मागता दिली.

तेव्हाच वही सुरू झाली. प्रत्येक गाडीला एक पान. बॅटरी बंद गाडीवर किती व्होल्ट, तीन हजार आरपीएमला किती, टॅपेट, चेनचा झोल, ब्रेक शूची जाडी, टायरवरचे शेवटचे चार आकडे. (ते चार आकडे वाचायला शिकाच. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तेवढं जुनं रबर घाटातल्या ओल्या वळणावर दगडासारखं वागतं.) चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन फिरताना साधारण १३.८ ते १४.५. एकदाच मोजलेल्या आकड्यातून फार कळत नाही. पण मागच्या दिवाळीला १४.२ होते, होळीला १३.६ आणि आज १३.१, हे एकाखाली एक दिसलं की चार्जिंग बसत चालल्याचं लेहच्या रस्त्यावर नव्हे, पाथर्डी फाट्यावरच कळतं. लोक आता आम्हाला ‘वहीवाले’ म्हणतात. पाटीवरचं खरं नाव माझ्या नातेवाइकांनाही धड आठवत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, कारण दुकान दुसऱ्यांदा बुडता बुडता राहिलं ते त्यापायी. २००६ साली एका बुलेटचं इंजिन पूर्ण खोललं. जुन्या बुलेटमध्ये क्रँकच्या बेअरिंगला जाणारं ऑइल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं, आणि त्या सांध्यावर बुचाचा एक छोटा वॉशर असतो. नखाएवढी वस्तू. ती नसेल तर ऑइल आत जायच्या ऐवजी बाजूनं निसटतं. मालक लडाखला म्हणून निघाले. धुळ्याच्या पुढे बिग एंड (क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग) वाजायला लागला आणि शिरपूरच्या अलीकडे इंजिन धरलं, जाम झालं. टेम्पोतून गाडी आली. टायमिंग कव्हर मी स्वतः उघडलं. वॉशरची जागा रिकामी. वॉशर माझ्याच कपाटात, ऑइलच्या डब्यामागं पडलेला. उस्ताद काही बोलले नाहीत, विडी पेटवून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी बोलायला हवं होतं असं अजून वाटतं.

क्रँक, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, टेम्पोचं भाडं, सगळं आम्ही भरलं. ते नवे कानातले त्यात गेले. त्यानंतर इंजिन खोललं की सुटे भाग स्टीलच्या ताटात मांडायचे आणि ताट रिकामं झाल्याशिवाय इंजिन मिटायचं नाही, हा शिरस्ता आजही आहे. वाट्यावाट्यांचं जेवणाचं ताट, घरातूनच आणलेलं.

सुट्या भागांसाठी आमचा मोठा आधार अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता. जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे टॅप, लिव्हर, हेडलाइटचे कडे, काय काय मिळायचं. २०१७ साली महापालिकेनं तो बाजार उठवला. तेव्हापासून स्विंग आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश आम्ही अंबडच्या एका लेथवाल्याकडून करून घेतो. ते भंगारातल्यापेक्षा चांगले बसतात, पण वाट पाहावी लागते.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाबद्दल न लिहून चालणार नाही. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या बुलेट त्या दिवशी पूजेसाठी बाहेर निघतात. मालक ऑइलची दांडी काढतो, दांडी कोरडी. घाबरून लिटरभर ऑइल ओततो. किक मारतो, आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून अंगणभर ऑइल. मग कुणीतरी म्हणतं, पिस्टनची रिंग गेली. रिंग कुठे जात नाही! या इंजिनात ऑइलची टाकी वेगळी असते, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून खाली क्रँकखान्यात उतरतं. इंजिन चालू करून दहा मिनिटं फिरू दिलं की परतीचा पंप ते वर चढवतो. दांडी त्यानंतर पाहायची. हे आम्ही फोनवर सांगतो, त्याची शोधणावळ नाही.

अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं आहे आणि ते हवेतलं पाणी धरतं. जुने रबरी पाइप आणि टॅपचे वॉशर त्यात फुगतात, चिकट होतात. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टॅप बंद करून कार्बोरेटरचा कप रिकामा करा, एवढंच सांगतो. कपात तळाला पाण्याचा मण्यासारखा थेंब फिरताना एकदा दाखवला की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

उस्ताद २०११ मध्ये गेले. त्यांच्या खुर्चीवर आता लेक बसते. तिनं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे आणि वायरिंगचं सगळं तीच पाहते. मागच्या वर्षी एक जुनी थंडरबर्ड आली. हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद, सेल्फ मारला तर नुसती टकटक. मालकानं नवी बॅटरी, नवा रिले, दोन्ही बदलले होते. लेकीनं मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या बोल्टला लावली आणि सेल्फ दाबायला सांगितलं. तिथे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. आला दोन व्होल्टच्या वर. मालकानं हौसेनं चासीला पावडर कोटिंग करून घेतलं होतं, आणि अर्थिंगचा बोल्ट त्या जाड रंगावर घट्ट बसवला होता. तिनं रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरनं खरवडली. गाडी पहिल्या बटणाला.

गाडीचा मालक, तो मुलगा, तिला म्हणाला, ‘ताई, काय बदललं?’ मी आत वही लिहीत होतो, मान वर केली नाही. तिनं पाटीकडे बोट दाखवलं.

सध्या स्टँडवर सिडकोतल्या एका काकांची बुलेट आहे. फक्त पावसात, पन्नासच्या पुढे, एकच सेकंद डोळा लागल्यासारखी बंद होते आणि परत येते. प्लग कॅप पाहिली, हाय टेन्शनची वायर पाहिली, इग्निशन स्विच उघडला, हँडलखालचं वायरिंग सोडून पाहिलं. शेडमध्ये पाण्याचा पाइप धरून भिजवली तर मख्खासारखी चालते. तीन आठवडे झाले, पानावरचा ‘सापडलं’ हा रकाना रिकामा आहे. काकांकडून एक रुपया घेतलेला नाही, आणि ते रोज संध्याकाळी येऊन समोर बसतात. शनिवारी मी त्यांच्या मागोमाग वणीपर्यंत जाणार आहे. पाऊस तेवढा असला पाहिजे.