नऊशे मिलिग्रॅम सोनं गेलं कुठे?

सकाळी पावणेसातला, नाशिकला अंबडच्या आमच्या कंपनीत, लॉकरसमोर उभी राहून मी अंगावरचं सगळं उतरवते. मंगळसूत्र, दोन बांगड्या, अंगठी, बाबांचं एचएमटी घड्याळ. शॉप फ्लोअरवर यातलं काहीच चालत नाही, मशीनमध्ये अडकलं तर बोटावर निभावायचं. चमकी तेवढी राहते, कारण तिची फिरकी आता माझंही ऐकत नाही. तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावायची. नव्या पोरी विचारतात, "मॅडम, नाकाला लागलं का?" मी "हो" म्हणते आणि पुढे जाते.

हे सगळं जातं एका स्टीलच्या डबीत. डबी पूर्वी बडीशेपेची होती. बावीस वर्षं झाली, तरी माझ्या मंगळसूत्राला बडीशेपेचा वास येतो.

डबीच्या तळाशी एक एकटं कानातलं होतं. मी डिप्लोमा पास झाले तेव्हा बाबांनी प्रेसच्या बोनसमधून घेतलेलं. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते. रोज काढ-घाल करून एकाची फिरकी सैल झाली आणि कंपनीच्या बसमध्ये ते पडलं. ड्रायव्हरदादांनी सीट उचकटून पाहिली, मिळालं नाही. उरलेलं एक मी आठ वर्षं डबीतच ठेवलं. कानात घालता येत नाही आणि मोडवत नाही, अशी त्याची गत.

आईचं माझ्या उलट. तिने हातातल्या पाटल्या पन्नास वर्षं काढल्याच नाहीत.

१९७४च्या वैशाखात, लग्नात घातलेल्या. आजोबांची शेती निफाडकडे. त्या साली कांद्याने हात दिला आणि त्यांनी सराफ बाजारातून दोन पाटल्या केल्या, प्रत्येकी पंधरा ग्रॅम. तेव्हा तोळ्याचा भाव पाचशेच्या घरात होता. पावती आईकडे अजून आहे, मंगळागौरीच्या फोटोंबरोबर, लाल कापडी पिशवीत. पाटल्यांवर गव्हाच्या ओंब्यांची नक्षी होती म्हणे. "होती म्हणे", कारण मला कळायला लागलं तेव्हा त्या गुळगुळीतच होत्या. एकेका हातात एक पाटली, तिला लागून हिरव्या काचेच्या बांगड्या. आई कणीक मळायला लागली की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग कळायचं, आता पोळ्या होणार.

२०२४च्या पावसाळ्यात आई गॅलरीतल्या ओल्या फरशीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत हात टरारून सुजला. बांगड्या फोडल्या, त्या फुटल्या. पाटली मात्र निघेना. साबण लावून झाला, खोबरेल लावून झालं. सांधेदुखीने बोटांची पेरं आधीच जाड झालेली. शेवटी सिस्टरांनी छोटं कटर आणलं. पाटलीखाली एक पातळ पट्टी सरकवली, म्हणजे कातडीला इजा नको, आणि चक्री फिरवायला लागल्या. कर्र कर्र असा आवाज. मी आईच्या तोंडाकडे पाहत होते. तिचे डोळे मिटलेले.

पाटली तुटली तेव्हा चादरीवर पिवळी पूड पडली. चिमूटभरही नाही. मी हाताने झटकणार, तेवढ्यात आई, मनगट मोडलेली आणि कळांनी बेजार झालेली आई, डोळे न उघडता म्हणाली, "ती पूड झटकू नकोस."

सिस्टर हसल्या. मी पूड औषधाच्या पुडीच्या कागदात गोळा केली. ज्यांचं लहानपण जुन्या नाशकात गेलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही. सराफ बाजारातल्या दुकानांसमोरची धूळ झाडून नेणारे आणि गटारीतला गाळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आम्ही पाहिलेले आहेत. घमेल्यात चिखल फिरवत बसलेला माणूस पाहिला की आई मला कोपराने ढोसायची, "बघ, याला म्हणतात नजर."

प्लास्टर झाल्यावर आठवडाभराने तुटकी पाटली घेऊन मी सराफ बाजारात गेले. आमचे सोनार काका तेच, आता त्यांचा मुलगाही गल्ल्यावर बसतो. दुकानाच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला ओलीचा डाग आहे, पुराचा. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी शिरलं होतं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघून इथली मंडळी माल वर हलवतात. काकांनी पंखा बंद केला, काट्याची काचेची पेटी लावली आणि पाटली आत ठेवली.

१४.१००.

मी पावती पुढे केली. १५.०००.

"काका, सोनं गेलं कुठे?"

"झीज, ताई. वहिनींनी हातातनं काढलीच नाही ना. झिजणारच."

आता मी क्वालिटीत काम करते. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात. "झिजणारच" हे उत्तर माझ्या रजिस्टरात बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी पाटली लॅबमध्ये नेली (हे साहेबांनी वाचू नये) आणि सहा ठिकाणी जाडी मोजली. मनगटाच्या वरच्या बाजूला १.३ मिलिमीटर. खालच्या बाजूला, जिथे पोळपाट, ओटा, धुण्याचा दगड लागतो तिथे, ०.९. आणि एका कडेला बारीक खाचांची रांग, काचेच्या बांगड्यांनी केलेली. काच सोन्यापेक्षा कठीण, ती सोन्याला खाते. आतल्या बाजूच्या काठाशी, घासायला काहीच पोहोचत नाही अशा जागी, भिंगाखाली एक अर्धी ओंबी दिसली. चार दाणे आणि एक कुसळ.

शोधाशोध केली तर कळलं, हा नाद लागलेली मी एकटी नाही. व्हिएन्नाच्या गेऑर्ग श्टाइनहाउझर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आपली लग्नातली अंगठी वर्षभर दर आठवड्याला तोलली आणि २००८ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. वर्षात सुमारे सहा मिलिग्रॅम सोनं गेलं. समुद्रकिनारी वाळूत सुट्टी घालवली तेव्हा जास्त. आईचा हिशेब मी मांडला: पन्नास वर्षांत नऊशे मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला अठरा. त्या साहेबांच्या तिप्पट. साहजिक आहे. त्यांनी राखेने पितळेचे हंडे घासले नसतील. पंचवटीत राहायचो तेव्हा नळाला पाणी नसलं की आई गोधड्या घेऊन गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जायची, दगडावर आपटून धुवायची. मला न्हाऊ घालताना पाटली पाठीला लागायची, थंडगार. बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांना कुशीवर वळवताना बाबा म्हणायचे, "तुझी पाटली रुतते गं."

तेव्हा त्या नऊशे मिलिग्रॅमचा पत्ता मला साधारण लागला. थोडं गोदावरीत, थोडं कणकेत गेलं असणार. कणकेतलं आम्हीच खाल्लं.

काकांच्या मुलाचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, मोडून टाका. नवीन घ्या, हॉलमार्कवाली, त्यावर सहा अंकी-अक्षरी नंबर येतो. जुन्यात डाक असतो, सांधे जोडायचा हलका धातू, भाव कमी लागेल, पण एक्स्चेंजमध्ये बघू." त्याचं चुकलं नाही. २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा झालाय, उद्या विकायला गेलं तर नवीन सोन्याला प्रश्न नाहीत. मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"त्याला म्हणावं, मला विकायचीच नाहीये," आई म्हणाली. "जोडून दे. पण परत कापायला लागणार नाही अशी."

काका हसून म्हणाले, मग पेच करू. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला पेच. फिरवला की पाटली उघडते. सुजला हात तरी चिंता नाही. फक्त त्याला वर सोनं लागेल, ग्रॅमभर.

मी पर्समधून डबी काढली.

खरं सांगायचं तर मी काही ठरवून गेले नव्हते. डबी त्या दिवशी पर्समध्ये होती, एवढंच. काकांनी कानातलं तोललं, १.१००. "हे चालेल? जोडी नाही का याची?" मी म्हटलं, नाही.

जोडकाम बघायला मी थांबले. दुकानाच्या वरच्या माळ्यावर बंगाली कारागीर बसतो, मांडी घालून, समोर कोळशाचा ठोकळा आणि गॅसची बारीक ज्योत. त्याने सांध्याला टाकणखार (बोरॅक्स) लावला, चिमट्याने डाकाचा तांदळाएवढा तुकडा ठेवला आणि ज्योत आणली. टाकणखार आधी फेसाळला, मग काचेसारखा वितळला, आणि एका क्षणी डाक पाण्यासारखा सांध्यात पळाला. पाटली काळीठिक्कर. मला वाटलं, गेली. तो म्हणाला, "रुको दीदी." तेजाबाच्या पाण्यात बुडवली, मग रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशने घासली, आणि पुन्हा पिवळी. तो पॉलिशच्या चक्रीकडे वळला तशी मी ओरडले, "नको!" ती अर्धी ओंबी गेली असती. आईच्या चादरीवरची पूडही मी त्याला दिली होती. कागद उलटा करून टिचक्या मारत त्याने ती कानातल्याबरोबर मुशीत टाकली, तीही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. यांच्यासाठी हे रोजचंच.

परत तोल: १४.९२०. बाकीची घट. काकांनी घडणावळ घेतली, पेढा दिला.

प्लास्टर निघाल्यावर आईच्या हातात पाटली मी घातली. पेच फिरवताना तिने हात पुढे धरला होता. पेचाच्या सोन्याचा रंग पाटलीपेक्षा जरा लालसर आहे. आईने ते लगेच टिपलं.

"हे कुठलं सोनं?"

"माझ्या कानातलं. बाबांनी दिलेलं."

ती काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरांनी कणीक मळू नका सांगितलं होतं, म्हणून नुसता ओटा पुसत राहिली. थोड्या वेळाने हाक आली.

"हा पेच टोचतो गं."

मी म्हटलं, उद्या नेऊन कड घासून आणते, पाच मिनिटांचं काम आहे.

"राहू दे," आतून आवाज आला. "होईल घासून."