कोल्हापूरचा शंग, सोलापूरचा शंग: पावसाळ्यानंतरची फेरी

पाऊस उघडला, एकमेकांना चहा पाठवून चाखणाऱ्या आपल्या गटाची पाकिटं पुन्हा सुरू झाली. जून ते सप्टेंबर कोल्हापूरला पत्ती पाठवायची नाही, हा नियम मी गटात हट्टाने धरलाय. आषाढ-श्रावणात इथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तिथे पातळ पुडीतल्या पत्तीचं काय सांगावं! या फेरीत सोलापूर, बेळगाव आणि पुण्याहून चहा आला. सोलापूरचं पाकीट आधी घेतो, कारण त्याचीच मी वर्षभर वाट बघत होतो.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. सोलापूरच्या सरांनी आणि मी मिळून शंग पु-एरची, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवायच्या कच्च्या चिनी चहाची, ३५७ ग्रॅमची एक दाबलेली चकती घेतली होती. मधोमध फोडली, अर्धी त्यांच्याकडे, अर्धी माझ्याकडे. दोघांनीही ती मूळ कागदात गुंडाळून झाकणाच्या मातीच्या बरणीत ठेवायची, फ्रीज नाही, एसी नाही, आणि दिवाळीच्या सुमारास एकमेकांना थोडी पत्ती पाठवायची. चीनमधल्या युन्नानच्या मोठ्या पानांचा हा चहा कढईत भाजताना पानांतले विकर (एन्झाइम) पुरते मारत नाहीत आणि नंतर पानं उन्हात वाळवतात. त्यामुळे दाबलेली चकतीसुद्धा वर्षानुवर्षं आतून बदलत राहते. किती वेगाने, ते हवेतला ओलावा आणि उष्णता ठरवतात. हाँगकाँगच्या दमट गोदामात मुरलेला शंग चांगला, की १,९०० मीटरच्या आसपास असलेल्या कुनमिंगच्या कोरड्या हवेतला, हा पु-एरवाल्यांचा जुना वाद. आपल्याला त्यासाठी इतकं लांब जायला नको. एका बाजूला पंचगंगेकाठची ओल आहे, दुसऱ्या बाजूला सोलापूरचं ऊन.

दोन्ही अर्ध्यांची पत्ती एकाच वेळी, दोन सारख्या गायवानमध्ये, म्हणजे झाकणाच्या चिनी वाट्यांत, काढली. १०० मिलीला ५ ग्रॅम, पाणी खळखळ उकळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे आपलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पु-एरला ते पुरतं, पण गायवान आधी कडकडीत तापवून घ्यावीच लागते. पहिलं पाणी लगेच ओतून टाकलं आणि झाकण उचलून वास घेतला. फरक तिथेच कळला.

सोलापूरच्या पत्तीला वाळलेल्या गवताचा आणि मनुकांचा वास. रंग फिका सोनेरी. पहिल्या घोटाला जिभेच्या मागे कडवटपणा, आणि तो ओसरला की घशातून वर येणारा गोडवा, बराच वेळ टिकणारा. माझ्या बरणीतला चहा नारिंगीकडे झुकलाय. कडवटपणा बोथट झालाय, घोट जाड लागतो, आणि वासात कापराची पुसट छटा. मात्र सोलापूरच्या पत्तीत वर वर तरंगणारा तो फुलांचा सुगंध माझ्या पत्तीत उरलेला नाही. ओलाव्याने चहा पुढे नेला खरा, पण त्याची किंमत घेतली. आज प्यायला मी माझा अर्धा निवडेन. दहा वर्षांनी प्यायचा असेल तर सोलापूरचा. सरांचं मत नेमकं उलट आहे. फोनवर म्हणाले, “अहो, तुमचा चहा लवकर मोठा झाला, माझ्याला अजून बोलायचंय.” दोघांनी आपापल्या घरी, आपापल्या पाण्यावर तीच जोडी चाखली, म्हणून हा वाद रंगतो. नुसती वर्णनं वाचून तो रंगला नसता.

पावसाळ्यात बरणी सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट: आत छोटा आर्द्रतामापक ठेवाच. आकडा ७५ टक्क्यांच्या वर सरकला की मी चकती बाहेर काढतो आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत उघडी ठेवतो. तिथून पुढे बुरशी धरायला वेळ लागत नाही.

बुरशीवरून बेळगावच्या काकांचं पाकीट. त्यांनी हूनान प्रांतातल्या आनह्वाच्या फू विटेचा, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या काळ्या चहाचा, तुकडा पाठवला आणि वर मेसेज, “विटेच्या आत पिवळे ठिपके दिसालेत, टाकून देऊ काय?” काका, मुळीच टाकू नका! त्या ठिपक्यांसाठीच ही वीट घ्यायची असते. चिनी लोक त्यांना सोन्याची फुलं म्हणतात. युरोशियम क्रिस्टॅटम नावाची ही बुरशी विटेत मुद्दाम वाढवतात. ठरावीक उष्णतेत आणि ओलाव्यात वीट मुरत ठेवली की ती धरते. भिंगाखाली पाहिलं तर मोहरीपेक्षाही बारीक, कोरडे, गोल दाणे दिसतात. वास स्वच्छ येतो, थोडा धान्यासारखा. पांढरा कापूस, हिरवे-काळे डाग किंवा कुबट वास असेल, तर मात्र क्षणभरही विचार करू नका, फेकून द्या. चहा मऊ, गोडसर, पोटाला हलका वाटतो. गायवानमध्ये काढून झाल्यावर तीच पत्ती पातेल्यात उकळली, तेव्हा तो जास्त खुलला.

काकांनीच सोबत थोडा लिउबाओ पाठवला होता, आणि या फेरीतला माझा सगळ्यात आवडता चहा तोच. चीनच्या ग्वांगशी स्वायत्त प्रदेशातल्या वूचौजवळचा हा काळा आंबवलेला चहा. मलायातल्या कथलाच्या खाणींत राबणाऱ्या चिनी मजुरांबरोबर तो तिकडे गेला आणि तिथे दमट उष्ण हवेत वर्षानुवर्षं मुरत राहिला. जाणकार चांगल्या जुन्या लिउबाओची एक खूण सांगतात, ती म्हणजे सुपारीचा वास. परदेशी चाखणाऱ्यांच्या टिपणांत ‘ओली माती, लाकूड, औषधी’ इतकंच सापडतं, म्हणून मलाही तो वास नक्की कसा ते उमजत नव्हतं.

शिवाजी पेठेतल्या आत्या आल्या होत्या. चंची, अडकित्ता, चुन्याची डबी, सगळा सरंजाम त्यांच्याबरोबर असतो. मी काही न सांगता गायवानचं गरम झाकण त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाल्या, “चिकणी सुपारी हाय की रं ही. भिजलेली.” मग चंचीतलं एक खांड काढून माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते गरम पाण्यात टाकलं आणि झाकण, वाटी, झाकण असा वास घेत राहिलो. उकडून वाळवलेल्या सुपारीचा तो तुरट, गोडसर, किंचित धुरकट वास चहात अगदी स्पष्ट होता. बिनदुधाच्या चहाला एरवी हात न लावणाऱ्या आत्यांनी दोन कप घेतले, दुसऱ्यात गुळाचा खडा टाकून. मीही तसा पिऊन पाहिला. शुद्धतावादी रागावतील, पण गुळाने तुरटपणा गोल होतो आणि सुपारी जास्त वर येते. गूळ मात्र बिनरसायनी, गडद घ्या.

पुण्याच्या ताईंचा दानत्सोंग चहा एका ओळीत: ग्वांगदोंगच्या फीनिक्स डोंगरावरचा मध-ऑर्किड प्रकार, वास अप्रतिम, पण भाजणी ताजी आहे, महिनाभर बंद ठेवून मगच सगळ्यांनी उघडा.

पुढच्या फेरीसाठी माझ्याकडून प्रत्येकाला लिउबाओ जाईल, सोबत आत्यांच्या चंचीतलं चिकण्या सुपारीचं एक खांड. खांड वेगळ्या पुडीत असेल. आधी चहाचा वास घ्या, मग पुडी उघडा. पाठवणाऱ्यांनी फॉइलचं पाकीट, त्यावर दुसरी झिपवाली पिशवी, आणि बाहेर नावाऐवजी फक्त क्रमांक लिहावा. रत्नागिरीच्या दादांनी शंगची तिसरी बरणी खाऱ्या वाऱ्यात ठेवायची तयारी दाखवली आहे. सर हो म्हणाले तर आमच्या दोन्ही अर्ध्यांतून त्यांच्यासाठी तुकडा काढतो.