‘इकॉनॉमिक’ की ‘इकॉनॉमिकल’?

शिष्यवृत्तीच्या इंग्रजी अर्जांत ‘माय फॅमिलीज इकॉनॉमिकल कंडिशन इज वीक’ हे वाक्य हमखास सापडतं. मनात असते ‘आर्थिक परिस्थिती’, पण इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चात जास्त काम देणारं. लिटरमागे जास्त धावणारी गाडी इकॉनॉमिकल. देशाच्या, समाजाच्या अर्थव्यवहाराशी संबंध असेल तर इकॉनॉमिक: इकॉनॉमिक पॉलिसी, इकॉनॉमिक सर्व्हे. आणि एका घराची पैशाची अडचण सांगायची असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवून सरळ फायनान्शिअल लिहावं. अर्जात तोच शब्द शोभतो.

‘ऐतिहासिक’ने तर चांगले लिहिणारेही फसतात, कारण मराठीत एकच शब्द दोन्ही कामं करतो. इतिहासात नोंद होईल इतकं महत्त्वाचं ते हिस्टॉरिक. इतिहासाशी संबंधित, मग ते किरकोळ का असेना, ते हिस्टॉरिकल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तो निर्णय हिस्टॉरिक. नाणेघाटातला ब्राह्मी लिपीतला लेख हा हिस्टॉरिकल पुरावा. जुन्या वाड्यातली वाणसामानाची वहीसुद्धा हिस्टॉरिकल कागद ठरते, हिस्टॉरिक नव्हे.

त्या बातमीतला ‘अभिजात’ म्हणजे क्लासिकल. क्लासिक लँग्वेज म्हणणं चूकच. प्राचीन, प्रतिष्ठित परंपरेतलं ते क्लासिकल, म्हणून शास्त्रीय संगीतही क्लासिकल. क्लासिक म्हणजे आपल्या प्रकारातला नमुनेदार: डॉक्टर ‘क्लासिक सिम्प्टम्स’ म्हणतात, तेव्हा पुस्तकात दिलेली अगदी तशीच लक्षणं दिसताहेत असा अर्थ.

विजेच्या जोडीत फरक पातळ आहे. ठरावीक वस्तू विजेवर चालत असेल तर इलेक्ट्रिक: बस, पंखा, शॉकही इलेक्ट्रिकच. क्षेत्र किंवा वर्ग सांगायचा तर इलेक्ट्रिकल: इंजिनिअर, वायरिंगमधला फॉल्ट, दुकानातला माल.

क्रियाविशेषण करताना मात्र निवड उरतच नाही. इकॉनॉमिकली, हिस्टॉरिकली असं एकच रूप होतं, स्पेलिंगच्या शेवटी ‘आय-सी-ए-एल-एल-वाय’. त्यामुळे ‘इकॉनॉमिकली वीकर सेक्शन’मध्ये तो शब्द ‘आर्थिकदृष्ट्या’ होतो आणि ‘यूज वॉटर इकॉनॉमिकली’मध्ये ‘जपून’. नेहमीच्या वापरातला ठळक अपवाद पब्लिकली: त्यात ‘ए-एल’ येत नाही, उच्चार मात्र तसाच, म्हणून स्पेलिंग तिथेच चुकतं.