एवढ्याशा टूलचं डेबियन पॅकेज आणि कॉपीराइट फाइलचा ताप

आधीच सांगते, डेबियन या लिनक्स सिस्टिमसाठी पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करता येईल असा प्रोग्रामचा गठ्ठा, बिल्ड करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. टूल छोटंसं, सी मधलं, टर्मिनलवर टेक्स्टचे कॉलम सरळ लावून दाखवतं, डिपेंडन्सी म्हणाल तर फक्त जीलिबसी, म्हणजे सी ची मूळ लायब्ररी. डेबियनमध्ये नव्हतं, मला रोज लागतं, म्हटलं आपणच टाकूया. आयटीपी बग टाकला, म्हणजे हे पॅकेज मी करतेय अशी जाहीर नोंद, पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी रूल्स फाइल हल्ली तीन ओळींत होते कारण बाकी सगळं डेबहेल्पर नावाचं टूल बघतं, बिल्ड झालं, चाललं, झालं काम असं वाटलं.

आणि मग कॉपीराइट फाइल. सोर्समधली प्रत्येक फाइल कोणाची आणि कुठल्या लायसन्सखाली, हे सगळं त्यात लिहावं लागतं. रीडमीमध्ये ऐटीत लिहिलेलं की प्रोजेक्ट जीपीएल 2 या मुक्त लायसन्सखाली आहे. पण फाइलींवरची लायसन्स शोधणारं लायसन्सचेक चालवलं तर आत कॉम्पॅट नावाचा फोल्डर निघाला आणि त्यात कुठून कुठून उचलून आणलेल्या तीन फाइली. एकीवर बर्कली विद्यापीठाचं जुनं चार कलमांचं बीएसडी लायसन्स, दुसरीवर शब्द न् शब्द तेच लायसन्स पण मालक कुणी वेगळाच माणूस, आणि तिसरीसमोर सरळ "नो कॉपीराइट, अननोन". डोकंच फिरलं. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, ते हेच.

त्या बीएसडी लायसन्समधलं तिसरं कलम म्हणजे जाहिरातीत आमचं नाव घ्या, आणि ही जादाची अट असल्यामुळे ते जीपीएलसोबत जमत नाही. बर्कलीने 22 जुलै 1999 ला ते कलम मागे घेतलं, त्यामुळे पहिली फाइल सुटली. पण ते फक्त बर्कलीच्या कोडला लागू, त्यांचा मजकूर कॉपी करून खाली स्वतःचं नाव टाकणाऱ्याला नाही, त्याची परवानगी त्याच्याकडूनच पाहिजे. आणि ज्या फाइलवर काहीच लिहिलेलं नाही ती "म्हणजे फुकट" असं लोक धरून चालतात, तर तसं नसतं, लायसन्स नाही म्हणजे वाटायची परवानगीच नाही.

मूळ लेखकाला ईमेल केली. बरेच आठवडे काही नाही. परत केली तर उत्तर एका ओळीचं, कुठूनतरी नेटवरून घेतली असेल, एवढ्या छोट्या फाइलचं कोण विचारतंय. अहो मी विचारतेय! आणि माझ्यानंतर डेबियनचे लोक विचारणार, कारण नवीन पॅकेज आलं की ते लायसन्स हाताने तपासतात, त्याशिवाय आर्काइव्हमध्ये घेत नाहीत, आणि खरं सांगायचं तर हेच मला डेबियनचं आवडतं.

शेवटी त्या माणसाचा नाद सोडून फाइली उघडून वाचल्या, की आत आहे तरी काय. दुसरीत होतं गेटऑप्ट लाँग, म्हणजे कमांडसोबत दिलेले ऑप्शन वाचणारं फंक्शन, जे जीलिबसीमध्ये वर्षानुवर्षं आहे. तिसरीत एसटीआरएलकॉपी, म्हणजे टेक्स्ट कॉपी करणारं फंक्शन, जे जीलिबसी 2.38 पासून म्हणजे 2023 पासून आहे. म्हणजे दोन्हींची गरजच नाही! कॉपीराइट फाइलमध्येच फाइल्स-एक्सक्लुडेड लिहून दोन्ही उडवल्या, मूळ सोर्स आणून देणारं यूस्कॅन डाउनलोड करतानाच त्या फाइली वगळून टारबॉल, म्हणजे सोर्सचा गठ्ठा, परत बांधून देतं, सोर्समधून काही काढलंय हे कळावं म्हणून व्हर्जनला प्लस डीएफएसजी लावलं, बिल्डच्या सूचना असलेल्या मेकफाइलला एक पॅच, खल्लास. त्यामुळे कॉम्पॅट किंवा लिब असा फोल्डर दिसला की परवानग्या मागत बसण्याआधी तो कोड उडवता येतो का ते बघा.

हां, कॉपीराइट फाइलमध्ये स्टारवाला, म्हणजे सगळ्या फाइलींना लागू होणारा, परिच्छेद सगळ्यात वर ठेवा, कारण जुळणारा शेवटचा परिच्छेद लागू होतो, खाली ठेवलात तर वरचे सगळे पाण्यात. जीपीएलचा पूर्ण मजकूर चिकटवू नका, डेबियनमध्ये आधीच असलेल्या कॉमन-लायसन्सेस फोल्डरमधला पाथ दिला की पुरतं, एमआयटी लायसन्सचा मात्र अख्खा द्यावा लागतो.

मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्ज इक्वल टू असं, म्हणजे कंपायलरचे ऑप्शन, ठोकून दिलं असेल तर डेबियनचे हार्डनिंग, म्हणजे सुरक्षेचे, फ्लॅग लागत नाहीत, तेही पॅच करा. मॅन पेज, म्हणजे टूलचं माहितीपान, नसेल तर पॅकेजमधल्या चुका शोधणारं लिंटियन बोंबलतं, हेल्पटूमॅन या टूलने कच्चं काढून हाताने नीट करायचं. आणि गेटऑप्टचं उत्तर इंटऐवजी कॅर टाइपमध्ये घेतलंय का ते बघाच. आर्म 64 प्रोसेसरवर कॅर अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे न धरणारा, असतो, मग ऑप्शन संपले की गेटऑप्ट देतं ते उणे एक कधी जुळतच नाही आणि प्रोग्राम लूपमध्ये बसतो, तुमच्या लॅपटॉपवर मात्र मस्त चालतो. माझ्या टूलमध्ये हे होतं, माझं पॅकेज तपासून अपलोड करणाऱ्या स्पॉन्सरने दाखवलं, फार बारीक नजर आहे त्यांची.

आता पॅकेज अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवीन पॅकेजं आधी येतात त्या डेबियनच्या शाखेत, आहे. पहिला अपलोड बायनरीसकट लागतो पण टेस्टिंग या पुढच्या शाखेत जायला परत फक्त सोर्सचा करावा लागतो, तोही केला. मूळ लेखकाला सगळे पॅच पाठवलेत, उत्तर नाही, आणि आता त्याच्या उत्तरावाचून माझं काही अडतही नाही.